पंधरा सेंटीमीटर वर

१

"मंगलाताई, माझ्या मुलीचा घात झालाय!"

श्यामसुंदर निमकर दारातच हे म्हणाले आणि चपलांसकट आत आले. मी म्हटलं, "आधी चपला बाहेर काढा. घात झाला तरी फरशी मलाच पुसायचीय."

असं बोलू नये, कळतं मला. पण या बंगाली मुलखात, डमडमच्या फ्लॅटमध्ये आठवडा आठवडा माझ्याशी मराठीत कोणी बोलत नाही, आणि मग कोणी आलं की जीभ अशी सुटते. नवरा गेला. मुलगा सलील बंगळुरूला, त्याचा फोन रविवारी, तोही गाडी चालवता चालवता. मी बदलीवर इथे आले आणि इथेच निवृत्त झाले. सगळी नोकरी सरकारी शस्त्रतपासणीत गेली. रायफल हातात घ्यायची, तिच्यावरच्या दुर्बिणीची मापं काढायची आणि जमलं तर 'नापास' लिहायचं. खात्यात मला सगळे टरकून असायचे. आता भाजीवालासुद्धा घाबरत नाही.

निमकर हवामान खात्यात, राहायला बेहालाला. बायको, कालिंदी, गेल्यापासून घरात ते आणि मुलगी नूपुर, दोघंच. नूपुर बाविशीची. बराकपूरच्या एका रायफल क्लबात लांब पल्ल्याची नेमबाजी करते. दर शनिवारी तिथून परतताना माझ्याकडे उतरते आणि थालीपीठ खाऊन जाते. तिची मराठी धड नाही, 'मला भूक लागला' म्हणते, पण त्या शनिवारवर माझा आठवडा निघतो.

"काय झालं ते नीट सांगा," मी निमकरांना म्हटलं.

आदल्या दिवशी निवड चाचणी होती. पुण्याला एका खाजगी संस्थेचं दोन वर्षांचं शिबिर, इथून एकच जण जाणार. शेवटी उरले दोघं, नूपुर आणि ऋषभ बोथरा नावाचा मुलगा. पल्ला तीनशे मीटर.

"तिची दुर्बीण शंभर मीटरला शून्यावर लावलेली असते," निमकर सांगू लागले. "तीनशेला पोचेपर्यंत गोळी खाली येते, म्हणून वरचा नॉब तेवढे क्लिक वर फिरवायचा. किती फिरवायचा ते मी काढतो. गोळीचा वेग, हवेचा दाब, तापमान, सगळं धरून. काल उत्तर आलं एकोणीस, आणि बरोबर होतं! सरावाच्या गोळ्या मधोमध लागल्या, कागद आणल्यावर सगळ्यांनी पाहिल्या. मग कागद बदलायला थोडा वेळ गेला. नूपुर पाणी प्यायला उठली, रायफल चटईवर. आणि शेजारच्या चटईवर कोण? ऋषभ! तिने परत येऊन गुणांच्या दहा गोळ्या मारल्या. कागद हातात आला तर दहाच्या दहा मध्यापासून पंधरा सेंटीमीटर वर!"

"विखुरलेल्या?"

"छे हो! एका वाटीत मावतील अशा."

तीनशे मीटरवरून गोळीचं भोक काही दिसत नाही. कागद परत येईपर्यंत चूक कळायची सोय नव्हती, म्हणून मध्येच दुरुस्ती झाली नाही, हे मला पटलं.

"त्या पोराने नॉब फिरवला," निमकरांचा आवाज चढला. "मी तक्रार दिलीय. क्लबाचे अरुण सान्याल पुढच्या सोमवारी पुण्याला नाव पाठवणार. तोवर सिद्ध झालं तर चाचणी पुन्हा होईल आणि त्याला क्लबातून काढतील. नाही झालं तर माझ्या नूपुरचं पुणं गेलं. तुम्ही बघा हो. तुमच्याइतकं दुर्बिणीतलं इथे कोणाला कळतं?"

शेवटच्या वाक्यावर मी विरघळले. आता माणूस म्हटला की एवढं चालायचंच.

"नूपुर काय म्हणते?" मी विचारलं.

"तेच तर कळत नाही," निमकर म्हणाले. "ती म्हणते, बाबा, सोडून दे."

२

अरुण सान्याल क्लबाचे प्रशिक्षक. मला 'मंगलादी' म्हणतात, पंचवीस वर्षं चहात साखर जास्त घालून देतात आणि मी पंचवीस वर्षं ती निमूटपणे पिते. बुधवारी मी बराकपूरला गेले तेव्हा ते वैतागलेले होते.

"मंगलादी, माझ्या क्लबात असला प्रकार कधी झाला नाही," ते हिंदीत म्हणाले. "नळी तापली असेल. ऊन काय कमी होतं?"

"तापलेल्या नळीने गोळ्या पसरतात, अरुणदा. या एका वाटीत आहेत. रायफल काढा."

चाचणीनंतर नूपुरची रायफल क्लबाच्या कपाटात कुलपात होती. नॉब शून्यावर होता. काम झालं की ती तो शून्यावर आणूनच रायफल ठेवते. अरुणदांनी आधी शंभर मीटरवर तीन गोळ्या मारल्या. मधोमध. मग मी नॉब एकोणीस क्लिक वर दिला आणि त्यांनी तीनशेवर मारल्या. त्याही मधोमध. दुर्बीण हललेली नव्हती, सैल नव्हती, बदललेली नव्हती. एवढ्या वर्षांनी मी मनातल्या मनात 'पास' लिहिलं.

मग मी तो चाचणीचा कागद मागितला आणि मोजपट्टी लावली. निमकर बरोबर होते, पंधराच. या दुर्बिणीचा एक क्लिक तीनशे मीटरवर गोळी दोन सेंटीमीटरहून थोडी जास्त हलवतो. पंधराला तेवढ्याने भागलं की सात येतात. म्हणजे गुणांच्या गोळ्या मारताना नॉब एकोणीसवर नव्हता, सव्वीसवर होता.

"तुम्ही कुठे होता मधल्या वेळात?" मी अरुणदांना विचारलं.

"कागद बदलायला तिकडे टोकाला. रायफल पडली होती चटईवर, हे खरं. दोघांच्या चटयांत हातभराचं अंतर." त्यांनी कपाळ चोळलं. "परत आलो तेव्हा नूपुर आडवी झालेली होती, तिची ती मोजणी चालली होती. नॉब पार खाली, मग टक टक टक करत वर. बाबांनी लावलेली सवय."

ही सवय मला ठाऊक होती. निमकर नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या साहेबाने त्यांना शिकवलं होतं, यंत्र हाती घेतलं की आधीच्या माणसाने ठेवलेला आकडा मानायचा नाही. शून्यावर आणायचं आणि स्वतः मोजायचं. त्यांनी तेच मुलीला शिकवलं. तिच्या दुर्बिणीचा नॉब शून्याला जाऊन अडतो. गुणांची पहिली गोळी मारण्याआधी ती तो अडेपर्यंत खाली नेते आणि डोळे मिटून वर मोजते. मग नॉबवर कितीही लिहिलेलं असो.

मी पुढचं विचारणार एवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "आंटी, आप भी मुझे चोर समझती हैं?"

३

ऋषभ बोथरा. उंच, हाडकुळा, डोळ्यांखाली काळं. चार दिवसांत क्लबातल्या कोणी त्याच्याशी धड बोललं नव्हतं. कँटीनमध्ये तो बसला की बाजूची खुर्ची रिकामी होत होती, हे मी आल्या आल्या बघितलं होतं.

"अजून काहीच समजत नाहीये," मी हिंदीत म्हटलं. माझं हिंदी निमकरांच्या नूपुरच्या मराठीसारखंच आहे. "नॉबला हात लावलास?"

"नाही."

"संधी होती?"

"होती." त्याने मान खाली घातली नाही, हे मला आवडलं. "ती पाणी प्यायला गेली तेव्हा मी एकटाच होतो. मी फिरवू शकलो असतो. कोणी बघितलंही नसतं. हे मी सगळ्यांना सांगतोय म्हणूनच सगळ्यांना वाटतं की मीच केलं."

"मग खोटं का नाही बोलत?"

"घरी पण हेच विचारतात," तो म्हणाला.

मला हसू आलं, त्याला नाही आलं. मी त्याला विचारलं, नूपुर परत आल्यावर काय काय झालं ते आठव. तो म्हणाला, आडवी झाली, गालाला रायफल लावली, काढली, मग तिची टकटक सुरू झाली.

"मला त्या टकटकीचा फार राग येतो, आंटी. मी श्वास रोखून बसलेला असतो आणि ही आपली मोजतेय. त्या दिवशी तर संपेचना. मला वाटलं मुद्दाम माझं लक्ष उडवतेय."

"आणि कागद आल्यावर? रडली का?"

"तिचे बाबा ओरडायला लागले. अरुणदा ओरडायला लागले. ती कँटीनमध्ये गेली आणि वाटाण्याची घुगनी खात बसली. मला म्हणाली, पुण्यात थंडी असते, स्वेटर घेऊन जा. तिने मला चिडवलं की काय, अजून कळलेलं नाही."

परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली. खिडकीबाहेर मी काहीही बघितलं नाही. सोदपूर येईपर्यंत मला उत्तर मिळालं होतं आणि ते मला अजिबात नको होतं.

४

शनिवारी नूपुर आली. येईल की नाही अशी धाकधूक होती, म्हणून भाजणी भिजवायला मी उशीर केला होता. तिने दोन थालीपीठं खाल्ली, लोणी संपवलं आणि मग म्हणाली, "मावशी, तू आज ओरडत का नाही?"

"ओरडणार आहे. आधी हात धू."

ती हात धुऊन आली. मी तिला समोर बसवलं.

"तुझे बाबा म्हणतात ऋषभने नॉब फिरवला. समज फिरवला. सात नाही, सत्तर क्लिक फिरवला. त्याने काय फरक पडला असता? त्यानंतर तू आडवी झालीस, नॉब अडेपर्यंत खाली नेलास आणि शून्यापासून मोजत वर आलीस. अरुणदांनी पाहिलं, ऋषभने ऐकलं. कोणी काहीही करून ठेवलं असतं तरी ते तिथे पुसलं गेलं. त्यानंतर नॉबवर जे होतं ते तुझंच होतं."

तिने ओले हात कुर्त्याला पुसले.

"चुकून एखादा क्लिक जास्त जातो. फार तर दोन. सात जात नाहीत, आणि तुझे तर नाहीतच. ऋषभ म्हणतो त्या दिवशी टकटक संपेचना. बरोबरच आहे, एकोणीसऐवजी सव्वीस ऐकले त्याने. आणि दहाच्या दहा गोळ्या एका वाटीत! हात थरथरला नाही, श्वास चुकला नाही. नूपुर, मुद्दाम हरायचं होतं तर वेड्यावाकड्या मारायच्या होत्यास. मग कोणाला संशयच आला नसता."

"मला वाईट मारायला येतच नाही, मावशी," ती एकदम म्हणाली. "मी विचार केला होता. पण चटईवर गेला की हात ऐकतच नाही. म्हणून नॉबलाच खोटं सांगितलं."

"आणि ती मोजणी? नुसते सात वर द्यायचे होतेस. शून्यावर कशाला गेलीस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. "शून्यावर नाही जायचं तर कसं मोजणार?"

काय म्हणायचं या बापलेकीला! कट करतानाही घरची शिस्त सुटली नाही. तेवढं एक सोडलं असतं तर बिचारा ऋषभ जन्मभर चोर ठरला असता आणि मी त्यावर सही केली असती.

"ऋषभला असं होईल मला माहीत नव्हता," ती म्हणाली आणि रडायला लागली. "मला वाटलं सगळे म्हणतील, बॅड लक. बाबा असा कंप्लेंट करेल कुठे ठाऊक होतं? मावशी, आई गेली तेव्हापासून तो संध्याकाळी दार उघडं ठेवून बसतो, माझी बस येईपर्यंत. मी दोन वर्षं गेली तर तो कोणासाठी बसेल? घरात मराठी कोणाशी बोलेल? मी नाही जात म्हटलं तर तो भांडून पाठवेल. हरली तर काही बोलू शकणार नाही. तू बाबाला नको सांगू ना."

आता खरं सांगते. मला त्या क्षणी निमकरांचा भयंकर हेवा वाटला. माझ्या सलीलला बंगळुरूची नोकरी मिळाली तेव्हा तो पेढे घेऊन आला होता आणि मी ते हसत हसत वाटले होते. त्याने माझ्यासाठी अर्धा क्लिकसुद्धा चुकवला नाही. चुकवू नयेच, मीच त्याला तसं वाढवलं. पण वाटायचं ते वाटतंच.

आणि दुसरंही वाटलं, ते अधिक वाईट. मी गप्प बसले तर नूपुर इथेच राहील. दर शनिवारी येईल. 'भूक लागला' म्हणेल आणि मी तिला सुधारेन. अरुणदांना सांगायचं, कारण समजलं नाही, ऋषभवर पुरावा नाही. दोन्ही पोरं सुटतील. कोणाचं काय बिघडलं?

मी स्वयंपाकघरात गेले, तवा घासला, तो आधीच घासलेला होता. मग बाहेर येऊन म्हटलं, "उठ. बेहालाला जायचंय. तू सांगतेस की मी सांगू?"

५

मीच सांगितलं. नूपुर खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

निमकरांनी आधी मला वेड्यात काढलं. "माझी मुलगी खोटं मारेल?" मग त्यांनी कागद ओढून भागाकार केला. पंधराला क्लिकच्या मापाने भागलं, सात आले. पुन्हा केला, पुन्हा सात आले. तिसऱ्यांदा करायला पेन्सिल उचलली आणि तशीच हातात धरून बसले.

"मोजणी केली होतीस?" त्यांनी नूपुरला विचारलं.

"हो."

"शून्यापासून?"

"हो, बाबा."

"मग हे मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं," ते म्हणाले. "दहा वर्षं मीच शिकवतोय की एकदा शून्यावर गेलं की आधीचं काही उरत नाही. आणि मीच त्या पोराला चोर म्हणालो."

मला वाटलं आता तिच्यावर ओरडतील. त्यांनी तिला जवळ बोलावलं, आणि ती आली तेव्हा तिचा हात धरून म्हणाले, "मी संध्याकाळी दार उघडं ठेवतो ते वाऱ्यासाठी गं, वेडे." ही साफ थाप होती. बेहालाच्या त्या जिन्यातून वारा नाही, शेजारच्या सुक्या माशांचा वास येतो. आम्हा तिघांनाही ते माहीत होतं. मग ते रडले आणि तीही रडली. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले, कारण तिथे माझं काही काम नव्हतं.

रविवारी सकाळी निमकर ऋषभच्या घरी गेले आणि त्याच्या आईवडिलांसमोर त्याची माफी मागितली. तक्रार मागे घेतली. नूपुरने अरुणदांना सगळं सांगितलं. नियमाप्रमाणे जागा ऋषभची झाली, विषय संपला होता. तो संपू दिला नाही तो ऋषभनेच. चिडून लाल झाला होता म्हणे. "तिने सोडलेली जागा मला नको," तो अरुणदांना म्हणाला. "आज दुपारी पुन्हा मारू. मला खरं हरवून दाखवू दे तिला."

दुपारी मी रेंजवर होते. अरुणदांनी सगळ्यांना मागे उभं केलं. नूपुर आडवी झाली, नॉब खाली नेला, तो अडला. मग ती मोजायला लागली आणि निमकरांचे ओठ तिच्याबरोबर हलायला लागले. एकोणीस झाले आणि टकटक थांबली. क्षणभर मला वाटलं ती अजून फिरवणार. तिने हात काढला आणि रायफल गालाला लावली.

तिने ऋषभला तीन गुणांनी हरवलं. तो तिच्याशी हात मिळवून निघून गेला. माझ्याशी बोलला नाही. त्याचं बरोबर होतं, त्या पोराला या प्रकरणात आमच्यापैकी कोणी काही बरं दिलं नव्हतं.

नूपुर कागदपत्रांवर सह्या करायला क्लबात थांबली. निमकरांनी आणि मी शियालदाची गाडी पकडली. बसायला जागा मिळाली.

मग त्यांनी विचारलं, "मंगलाताई, सलील गेला तेव्हा पहिले काही दिवस कसे गेले तुमचे?"

बरं बोलायची संधी होती. चार शब्द धीराचे मला येत नाहीत असं नाही.

"वाईट," मी म्हटलं.

"आणि नंतर?"

"नंतरही वाईटच. फोन आला की आवाज नीट ठेवायचा. ते जमतं हळूहळू."

निमकरांनी मान हलवली. डबा हळूहळू भरत होता, सगळीकडे बंगाली चाललं होतं. थोड्या वेळाने ते म्हणाले, "तिला स्वेटर घ्यावा लागेल. इकडच्या थंडीतले पुण्यात पुरायचे नाहीत." मी म्हटलं, पुण्यात कसली आलीय एवढी थंडी. ते म्हणाले, पहाटे रेंजवर असते, मी आकडे सांगतो. आणि डमडम येईपर्यंत ते मला पुण्याचं तापमान सांगत राहिले.